संकेतांक आणि संहिता : ऑपेराच्या ध्वनिमुद्रणांची ओळख

मुद्रित ग्रंथाचा हवाला देताना आवृत्ती, संपादक आणि प्रकाशनवर्ष नोंदविण्याची शिस्त साहित्यसंशोधनात आता रुजलेली आहे. ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाचा हवाला मात्र बहुधा एका क्रमांकाने दिला जातो. कंपनीचा सूचिक्रमांक किंवा वेष्टनावरील बारकोड उतरवून घेतला की संदर्भ निश्चित झाला, असे गृहीत धरले जाते. परंतु हा क्रमांक नेमकी कशाची ओळख पटवितो? रचनेची, प्रयोगाची, ध्वनिमुद्रणाची की विक्रीच्या पेटीची? ऑपेरात हे चार स्तर एकमेकांपासून फार दूर असतात. म्हणून संकेतांकांचा इतिहास हा संहिताचिकित्सेचाही विषय ठरतो.

१८९८ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर दोन प्रकारचे क्रमांक आढळतात. मॅट्रिक्स क्रमांक मूळ मुद्रणाचा असे. तो मेणाच्या तबकडीवर कोरला जाई आणि एकच गीत पुन्हा गायिले गेले तर बदलत असे. सूचिक्रमांक विक्रीसाठी असे. त्याची रचना अभ्यसनीय आहे. पहिला आकडा भाषागट दर्शवी : रशियन २, फ्रेंच ३, जर्मन ४, इटालियन ५. दुसरा आकडा प्रकार सांगे : पुरुषस्वरासाठी २, स्त्रीस्वरासाठी ३. त्यामुळे इटालियन गाणाऱ्या पुरुषाची ध्वनिमुद्रिका ५२ हजारांच्या गटात आणि स्त्रीची ५३ हजारांच्या गटात पडे. आरंभी शून्य असल्यास तबकडी बारा इंची समजावी. फ्रेड गायसबर्ग यांनी ११ एप्रिल १९०२ रोजी मिलान येथे एन्रिको कारुसो यांची जी दहा गीते मुद्रित केली, ती या ५२ हजारांच्या गटातच दाखल झाली.

रचनाकार, नाटककार किंवा ऑपेराचे नाव यांना या पद्धतीत स्थान नव्हते. वर्गीकरणाचा पाया गायनाची भाषा हा होता. बिझे यांच्या ‘कारमेन’मधील फुलाचे गीत कारुसो यांनी १९०९ मध्ये मूळ फ्रेंचमध्ये आणि इटालियन भाषांतरातही मुद्रित केले. रचना एक, गायक एक. तरीही एक मुद्रण फ्रेंच गटात व दुसरे इटालियन गटात गेले. मूळ आणि भाषांतर या दोन स्वतंत्र वस्तू होत, हे दुकानाच्या सोयीसाठी केलेल्या सूचीने न बोलता मान्य केले होते.

याच सूचीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. युरोपातील प्रमुख भाषांना स्वतंत्र आकडे मिळाले. ‘पौर्वात्य’ ध्वनिमुद्रणांना मिळून एकच आकडा मिळाला, तो म्हणजे १. नोव्हेंबर १९०२ मध्ये गायसबर्ग यांनी कोलकाता येथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, ते या गटात आले. हिंदुस्थानी, बंगाली, मराठी, अरबी, तुर्की, जपानी या भाषांमधील भेद त्या आकड्यात विरून गेले. पुरुष व स्त्री हा भेद राखला गेला, भाषेचा राहिला नाही. जगातील गायनाची तुलनात्मक मांडणी करणाऱ्या या आरंभीच्या व्यापारी सूचीत युरोप अनेकवचनी आणि पूर्व एकवचनी होती.

अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने क्रमांकांचा संबंध किमतीशी जोडला. १९०८ मध्ये निघालेले ‘लुचिया दि लाम्मरमूर’मधील षट्क ९६२०० या क्रमांकाने विकले गेले आणि त्याची किंमत सात डॉलर होती. कारुसो व सेंब्रिख यांच्यासह सहा गायकांच्या एकत्र येण्याचे मोल क्रमांकाची श्रेणीच सांगत होती.

दीर्घकालीन तबकड्या आल्यावर संपूर्ण ऑपेरा घरी ऐकणे सुकर झाले आणि क्रमांक गीताऐवजी पेटीला मिळू लागला. मारिया कॅलास, ज्युसेप्पे दि स्तेफानो आणि तितो गोब्बी यांची, व्हिक्तोर दे साबाता यांच्या संचालनाखालील ‘तोस्का’ ऑगस्ट १९५३ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात मुद्रित झाली. ब्रिटनमध्ये ती कोलंबियाच्या ३३सीएक्स १०९४-९५ या क्रमांकांनी, तर अमेरिकेत एंजलच्या ३५०८ या क्रमांकाने निघाली. पुढे कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळात ईएमआयने ती पुनःपुन्हा काढली. २०१३ मध्ये ईएमआय क्लासिक्सचा संग्रह वॉर्नरकडे गेला आणि २०१४ मध्ये ती नव्या ध्वनिसंस्करणासह वॉर्नरच्या नावाने प्रसिद्ध झाली. दर वेळी क्रमांक नवा होता. ऑगस्ट १९५३ मधील ते गायन एकच होते.

क्रमांक एक आणि गायन भलतेच, असेही घडले आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत वाग्नर यांच्या ‘रिंग’ या चतुर्नाट्याचा एक संच ड्रेस्डेन येथील प्रयोग म्हणून विक्रीस आला. संचालक म्हणून फ्रिट्झ श्रायबर असे नाव छापलेले होते. प्रत्यक्षात ते १९५३ च्या बायरॉइट महोत्सवातील, योझेफ काइलबेर्ट यांच्या संचालनाखालील प्रयोगाचे प्रक्षेपण होते. त्यात झीग्लिंडेची भूमिका गाणाऱ्या रेजिना रेझनिक यांनी स्वतःचा आवाज ओळखला. वेष्टनावरील ओळख आणि आतील ध्वनी यांची गाठ कोणताही क्रमांक आपोआप बांधून देत नाही, हे या प्रकरणाने दाखविले.

बारकोड आला तो किराणा व्यवहारातून. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंगमचे पाकीट प्रथम यंत्राने वाचले गेले. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतर सूचिक्रमांक व बारकोड एकमेकांत मिसळू लागले. व्हालेरी गेर्गिएव यांच्या संचालनाखालील, फिलिप्सने काढलेल्या मुसोर्गस्की यांच्या ‘बोरिस गोदुनोव’चे उदाहरण घेता येईल. त्याचा सूचिक्रमांक ४६२ २३०-२ आणि बारकोड ०-२८९४६-२२३०२-४ असा आहे. सूचिक्रमांकाचे सहाही आकडे बारकोडात जसेच्या तसे आहेत. त्यानंतरचा २ हा आकडा वस्तू कॉम्पॅक्ट डिस्क असल्याचे दर्शवितो. शेवटचा ४ हा पडताळ्याचा आकडा होय. उरलेल्या अकरांपैकी विषम स्थानांवरील आकड्यांची बेरीज १९. तिची तिप्पट ५७. सम स्थानांवरील आकड्यांची बेरीजही १९. एकूण ७६, त्यात ४ मिळविले की ८० ही दहाच्या पटीतील संख्या होते. आरंभीचे आकडे अमेरिकेतील नोंदणीचे आहेत. गायन सेंट पीटर्सबर्गच्या संस्थेचे आणि प्रकाशन डच परंपरेच्या कंपनीचे असले, तरी त्या आकड्यांवर याचा काहीही परिणाम होत नाही.

या काटेकोर गणिताने एका पेटीची ओळख पटते. त्या पेटीतील पाच डिस्कवर मात्र ‘बोरिस’च्या दोन संहिता आहेत : १८६९ ची आणि १८७२ ची. पहिली सात प्रवेशांची असून पुश्किन यांच्या नाटकाशी अधिक जवळची आहे. इंपीरियल नाट्यगृहांच्या व्यवस्थापनाने ती नाकारल्यावर मुसोर्गस्की यांनी पोलिश अंक व मारिनाची भूमिका घातली, सेंट बेसिलच्या चर्चसमोरील प्रवेश काढला आणि क्रोमीच्या रानातील बंडाने शेवट केला. दोन्ही संहितांत बोरिसची भूमिका गाणारे गायकही वेगळे आहेत. पुश्किन यांचे नाटक ऑपेरात कसे रूपांतरित झाले, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाने केवळ या बारकोडाचा हवाला दिला, तर त्याचे विधान कोणत्या शेवटाविषयी आहे हे वाचकाला कळणार नाही. बोरिसच्या मृत्यूने होणारा शेवट आणि जनतेच्या बंडाने होणारा शेवट, एवढे अंतर त्या एका क्रमांकाखाली झाकले जाते.

पेटीखालील स्तरांसाठी पुढे वेगळे संकेतांक निर्माण झाले. १९८६ मध्ये मानक ठरलेला आयएसआरसी हा बारा अक्षर-आकड्यांचा संकेतांक ध्वनिमुद्रणाला मिळतो. पेटी बदलली तरी तो टिकावा, अशी त्यामागील अपेक्षा आहे. २००१ मध्ये आलेला आयएसडब्ल्यूसी सांगीतिक रचनेला मिळतो. ती कोणी गायिली याच्याशी त्याचा संबंध नसतो. परंतु आयएसआरसी प्रत्यक्षात डिस्कवरील तुकड्यागणिक दिला जातो. एका अंकाचे किती तुकडे करावयाचे, हे रचनाकार ठरवीत नाही, डिस्कचा संपादक ठरवितो. वाग्नर यांच्यासारख्या अखंड संगीतप्रवाहात ही विभागणी म्हणजे एक अर्थनिर्णयच असतो.

मॅट्रिक्स क्रमांक एका दिवशीच्या एका गायनाचा, सूचिक्रमांक बाजाराचा, बारकोड पेटीचा, आयएसआरसी तुकड्याचा आणि आयएसडब्ल्यूसी रचनेचा साक्षीदार आहे. संहितेची आवृत्ती, गायनाची भाषा आणि मुद्रणाचे स्थळ-काळ हे मात्र यांपैकी कोणताही एक संकेतांक एकट्याने सांगत नाही. म्हणून ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाचा हवाला देताना क्रमांकाबरोबर या तीन गोष्टी नोंदविणे आवश्यक ठरते. अन्यथा दोन अभ्यासक एकाच क्रमांकावर बोट ठेवून दोन भिन्न कृतींविषयी वाद घालीत राहतील.