जॅझच्या पियानोची तालीम

जॅझ हें नांव कानीं पडतांच आपल्याकडील पुष्कळ सुविद्य घरांत एके काळीं कपाळास आठ्या पडत. आजहि क्वचित् पडतात. मनास येईल तें वाजवावयाचें, त्यांत शिकण्यासारखें तें काय, असा हा आक्षेप असतो. आक्षेप घेणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. उपज ऐकूं येते, तिच्यामागची तालीम ऐकूं येत नाहीं. ती तालीम कशी होत असे हें पाहण्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर १९२० च्या सुमाराच्या न्यूयॉर्कमध्यें, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तींत यावें.

तेथील पियानोवादकांत जेम्स पी. जॉन्सन (१८९४–१९५५) याचें स्थान पहिलें. त्याच्या पद्धतीस 'स्ट्राइड', म्हणजे लांब टांग टाकणें, असें म्हणत; आणि ही टांग टाकावयाची ती डाव्या हातानें. चार मात्रांच्या आवर्तनांत पहिल्या व तिसऱ्या मात्रेस हा हात खर्जांतील स्वर घेई, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेस तेथून उडी मारून पट्ट्यांच्या मध्यभागीं कॉर्ड, म्हणजे एकाच वेळीं वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचा मेळ, दाबी. खर्जाच्या स्वरास त्याच्या वरचा दहावा स्वर जोडण्याची चाल होती. ज्याचा पंजा तेवढा पसरत नसे तो ते दोन स्वर झपाट्यानें एकामागून एक घेऊन वेळ भागवी. आणि हें सारें चाललें असतां उजव्या हातानें मोकळेपणें बोलावयाचें! जॉन्सन अंधारांत बसून वाजवी. पट्ट्यांवर पलंगपोस पसरून त्यावरून अवघड चिजा वाजवी. १९१३ च्या सुमारास तो ब्रूटो जानिनी नांवाच्या इटालियन शिक्षकाकडे जाऊं लागला. जानिनीनें त्यास बोटें ठेवण्याची जुनी रीत टाकावयास लाविली आणि स्वरमेळाचे नियम शिकविले. पैसे मिळवूं लागलेल्या वादकानें बोटांपासून पुन्हां आरंभ करावा, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु जानिनी सर्वांच्याच वाट्यास येत नसतात. कित्येकांचा पहिला गुरु यंत्र होता. त्या काळीं अमेरिकेंत आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा फार प्रसार होता. भोंकें पाडलेली कागदाची गुंडाळी आंत फिरे, भोंकांतून हवा खेचली जाई, आणि त्या त्या स्वराची पट्टी, जणूं अदृश्य बोटानें दाबावी तशी, खालीं जाई. जॉन्सनच्या 'कॅरोलिना शाउट' या रचनेची गुंडाळी निघाली होती. वॉशिंग्टन शहरांत ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) हा तरुण एका ढोलवादक मित्राच्या सांगण्यावरून ती मंद गतीनें लावी आणि खालीं गेलेल्या पट्ट्यांवर आपलीं बोटें ठेवी. असें करीत करीत सबंध रचना त्याच्या हातांत बसली. १९२१ सालीं जॉन्सन स्वतः वॉशिंग्टनला आला, तेव्हां मित्रांनीं एलिंग्टनला पुढें ढकललें आणि त्यानें ती रचना रचनाकारासमोर वाजवून दाखविली. कार्यक्रम संपल्यावर शहर दाखविण्याच्या निमित्तानें त्यानें जॉन्सनला बाहेर नेलें आणि उजाडेपर्यंत त्याचें वादन ऐकलें.

चीज हातांत बसली असतां हा तरुण रात्रभर कां जागला? आमच्या मतें या इतिहासाचें मर्म येथेंच आहे. गुंडाळी स्वर सांगते, काळ सांगते. कोणता स्वर दाबून म्हणावा आणि कोणता नुसता शिवून सोडावा, हें सामान्य गुंडाळीस सांगतां येत नाहीं. शिवाय कारखान्यांतील लोक मागाहून जास्तीचीं भोंकें पाडीत, त्यामुळें कित्येक गुंडाळ्या दहा बोटांस वाजवितांच येत नसत. भाबड्या शिकाऊ पोरांनीं त्यांवर किती डोकेंफोड केली असेल, देव जाणे. आणि मुख्य म्हणजे गुंडाळी दर वेळीं तेंच वाजवी, जॉन्सन तसें वाजवीत नसे.

फॅट्स वॉलर (१९०४–१९४३) यानेंहि ही रचना अशाच पट्ट्यांवरून उचलली. १९२० सालीं त्याची आई वारली. तो घर सोडून एका परिचित पियानोवादकाच्या कुटुंबांत राहूं लागला आणि तेथून जॉन्सनपर्यंत पोंचला. जॉन्सनच्या घरीं मध्यरात्र उलटली तरी तो पियानोपासून उठत नसे. शेवटीं जॉन्सनच्या पत्नीस त्यास घरीं जाण्याची आठवण करावी लागे. आई गेलेल्या मुलास तें घर सोडवत नसावें, यांत नवल तें काय?

आतां उपजेविषयीं. गाण्याची मूळ चाल एकदां वाजविली कीं वादक ती सोडतो, पण तिच्याखालचा कॉर्डांचा क्रम सोडीत नाहीं. बहुधा बत्तीस आवर्तनांचा फेरा पुरा झाला कीं तोच क्रम पुन्हां पहिल्यापासून. रागविस्ताराशीं याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती फार दूर नेतां येत नाहीं. आपला गवई स्थिर षड्जावर उभा असतो. या वादकाच्या पायाखालची जमीन सारखी सरकत असते, आणि जो स्वर क्षणापूर्वीं गोड होता तोच पुढल्या कॉर्डवर खटकतो. म्हणून हा क्रम बोटांत मुरवावा लागतो. मग धीट वादक क्रमहि बदलतो. एका कॉर्डच्या जागीं तिच्या नात्यांतील दुसरी ठेवतो, आणि तरीहि ठरल्या जागीं घरीं येतो. यांत आर्ट टेटम (१९०९–१९५६) याच्या तोडीचा दुसरा आम्हांस दिसत नाहीं. जवळजवळ दृष्टिहीन असलेला हा ओहायोचा तरुण. १९३३ सालीं हार्लेममधील एका मद्यगृहांत जॉन्सन, वॉलर आणि विली स्मिथ हे त्यास जोखावयास जमले. टेटमनें 'टी फॉर टू' हें सर्वांच्या तोंडचें गाणें घेतलें आणि त्याचे कॉर्ड असे पालटले कीं तिघे थक्क झाले. जॉन्सननें उत्तरादाखल 'कॅरोलिना शाउट' जीव ओतून वाजविली. पण निकाल लागून गेला होता.

या पद्धतीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. शिकागोत नांव मिळविलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड (१९०३–१९४५) हा १९२६ सालीं अमेरिका सोडून आशियांत आला, आणि पुढील दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. १९४५ सालीं कलकत्त्यास तो पटकीनें वारला. त्या काळीं मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत गोव्याचे वादक पुष्कळ. गांवच्या चर्चच्या शाळेंत मास्तरांनीं त्यांस लहानपणींच स्वरलिपि पक्की शिकविलेली असे. समोर कोणताहि कागद ठेवा, ते वाजवीत. जॅझच्या कागदावर मात्र उपजेच्या जागीं नुसत्या कॉर्डांच्या खुणा असतात, बाकी कोरें. एलिंग्टनला कागदाआधीं हात आला. यांना हाताआधीं कागद. त्यांनींहि मग अमेरिकेंतील तबकड्या मिळविल्या, आणि सुई पुन्हां पुन्हां त्याच जागीं ठेवून ते ऐकत बसले.