फ्रान्सची जुनी खेडी : सायकलच्या वेगाने

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा मार्ग एकेकाळी आगगाडीचा होता. बाजाराला निघालेली माणसे आणि शेतमाल घेऊन गावोगाव थांबत जाणारी ती गाडी मोटारींच्या युगात टिकली नाही. गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले आणि रस्ता झुडपांत हरवला. १९९७ मध्ये त्याच मार्गावर गुळगुळीत पृष्ठभाग तयार करून तो सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी खुला करण्यात आला. अशा मार्गाला फ्रेंचमध्ये 'व्हुआ व्हेर्त' म्हणजे 'हिरवी वाट' म्हणतात. देशातील आरंभीच्या हिरव्या वाटांमध्ये या मार्गाची गणना होते.

ग्रामीण फ्रान्सची गेल्या शंभर वर्षांची कथा या एका मार्गात सामावली आहे. पहिल्या महायुद्धात देशाचे सुमारे १४ लाख सैनिक कामी आले. त्यांच्या नावांचे स्मारक नाही असे गाव तेथे क्वचितच आढळते. १९३१ च्या जनगणनेत शहरी लोकसंख्येने प्रथमच ग्रामीण लोकसंख्येला मागे टाकले. तरुण शहरांकडे गेले, शेते ओस पडली, शाळा व दुकाने बंद होऊ लागली. मात्र ज्या गावांकडे उद्योग आणि पैसा फिरकला नाही, तेथे जुनी घरे पाडून नवी बांधण्याची ऐपतही कोणाकडे नव्हती. मागे पडल्यामुळेच ती गावे जुनी राहिली. आज तेच जुनेपण त्यांचे भांडवल ठरले आहे.

'सर्वांत सुंदर' गावांची संघटना

या भांडवलाची जाण प्रथम झालेल्यांपैकी एक होते शार्ल सेराक. नैर्ऋत्य फ्रान्समधील कोरेझ जिल्ह्यातील कोलोंज-ला-रूज या गावाचे ते मेयर, आपल्या भाषेत सरपंच. तांबड्या वालुकाश्मात बांधलेले हे गाव दुरूनच लक्ष वेधून घेते. सेराक यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ६६ गावांनी एकत्र येऊन 'फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे' या नावाची संघटना स्थापन केली. आज तिच्या सदस्यगावांची संख्या पावणेदोनशेच्या आसपास आहे.

सदस्यत्व सहजासहजी मिळत नाही. गावाची लोकसंख्या दोन हजारांहून अधिक नसावी, गावात किमान दोन संरक्षित स्थळे किंवा वास्तू असाव्यात आणि अर्जाला ग्रामपरिषदेची संमती असावी, या प्राथमिक अटी आहेत. त्यानंतर गावाची प्रत्यक्ष पाहणी होते. दर्जा घसरल्यास सदस्यत्व काढूनही घेतले जाते. ही कल्पना पुढे बेल्जियम, इटली, कॅनडातील क्वेबेक आणि जपान येथेही रुजली.

क्लुनी : मठाच्या छायेत

जिव्रीहून निघालेली हिरवी वाट द्राक्षमळे आणि पांढऱ्या गाईंची कुरणे ओलांडत क्लुनीला पोहोचते. आगगाडीला तीव्र चढ चालत नसल्याने मार्गात कोठेही दमछाक होत नाही. लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिकही तो सहज पार करतात. वाटेत ताइझे हे गाव लागते. ब्रदर रॉजर यांनी १९४० मध्ये तेथे येऊन उभारलेल्या ख्रिस्ती समुदायाकडे आजही जगभरातील तरुण येत असतात. थोडी चढण चढण्याची तयारी असेल तर वाट सोडून ब्रांसियों या डोंगरमाथ्यावरील मध्ययुगीन गावी जाता येते. तेथील किल्ला, बाराव्या शतकातील चर्च आणि लाकडी छताची जुनी बाजारपेठ आवर्जून पाहण्याजोगी आहे.

क्लुनीचा मठ ९१० मध्ये स्थापन झाला. १०८८ मध्ये बांधायला घेतलेले तेथील तिसरे चर्च रोममधील सेंट पीटर्सची नवी वास्तू उभी राहीपर्यंत ख्रिस्ती जगतातील सर्वांत मोठे चर्च होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९८ मध्ये ते व्यापाऱ्यांना विकले गेले आणि पुढील काही दशके दगडांची खाण म्हणून वापरले गेले. आज त्याचा एक दशांशाहूनही कमी भाग उभा आहे. वारसा जपण्याचे कायदे नसले की काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक झालेले साहित्यिक प्रॉस्पर मेरिमे यांनी देशभर फिरून अशा वास्तूंच्या जतनाचे काम पुढे नेले. १९१३ मध्ये या विषयावर सर्वंकष कायदा झाला.

क्लुनीहून माकोंकडे जाताना दीड किलोमीटरहून लांब असा बुआ क्लेर बोगदा लागतो. रेल्वेचा हा जुना बोगदा आता सायकलस्वारांचा आहे. हिवाळ्यात मात्र तो बंद असतो, कारण त्या काळात तेथे वटवाघळांचा निद्रावास असतो.

लोआर : संगमावरील दोन गावे

रेल्वेप्रमाणेच नद्यांनीही सायकलींना वाट दिली आहे. 'लोआर आ व्हेलो', म्हणजे 'सायकलने लोआर', हा मार्ग नेव्हेर शहराजवळून निघून सुमारे ९०० किलोमीटरनंतर अटलांटिक महासागराला भिडतो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय सायकलमार्गाचा तो एक भाग आहे. नदीकाठचे राजवाडे जगप्रसिद्ध आहेतच, पण दोन राजवाड्यांमधील गावे पाहण्यासाठी सायकलच हवी.

व्हिएन आणि लोआर या नद्यांच्या संगमावर काँद-साँ-मार्ताँ आणि मोंसोरो ही दोन गावे एकमेकांना खेटून वसली आहेत. संत मार्टिन यांचे निधन ३९७ मध्ये काँद येथे झाले. त्या जागी उभे असलेले चर्च गावाच्या मानाने कितीतरी भव्य आहे. मोंसोरोचा पंधराव्या शतकातील राजवाडा अलेक्झांडर द्यूमा यांच्या कादंबरीमुळे फ्रेंच वाचकांना परिचित झाला. या परिसरातील घरे 'त्युफो' नावाच्या मऊ, फिकट चुनखडकाची आहेत. दगड काढून पोकळ झालेल्या टेकड्यांमध्ये माणसांनी घरे केली, मद्याची कोठारे केली, अळिंबीची शेती केली. जवळच फोंतव्रोचा मठ आहे. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याची समाधी तेथे आहे. हाच मठ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून १९६३ पर्यंत तुरुंग म्हणून वापरला जात होता. लोआरकाठच्या जुन्या भिंतींवर १८४६, १८५६ आणि १८६६ च्या महापुरांच्या खुणा कोरलेल्या आढळतात. आज शांत वाहणारी नदी एकेकाळी कोठवर चढली होती, हे त्यावरून कळते.

कालव्याचा काठ

दक्षिणेत तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा कानाल दु मिदी हा २४० किलोमीटरचा कालवा १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. मिठाच्या कराची वसुली करणारे पिएर-पॉल रिके यांनी आपली संपत्ती त्यात ओतली. परंतु काम पूर्ण होण्यापूर्वीच, १६८० मध्ये, त्यांचे निधन झाले. १९९६ पासून हा कालवा जागतिक वारसास्थळ आहे. ज्या काठावरून घोडे नावा ओढत नेत, त्याच काठावरून आता सायकली जातात. तुलूझजवळचा पहिला टप्पा पक्का आहे. पुढे मात्र वाट सर्वत्र सारखी नाही. मुळे वर आलेल्या मातीच्या वाटेसाठी रुंद टायरची सायकल बरी.

या कालव्याची शोभा म्हणजे दुतर्फा असलेले प्लेन वृक्ष. २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीजन्य रोग आढळला. त्यावर खात्रीचा इलाज नसल्याने हजारो झाडे तोडावी लागली. त्या जागी वेगवेगळ्या जातींची रोपे लावली जात आहेत. त्यामुळे काही टप्प्यांत गर्द सावली तर काही टप्प्यांत उघडे ऊन, अशी स्थिती आहे.

सायकलीची परंपरा

सायकल आणि ग्रामीण फ्रान्स यांचे नाते 'तूर द फ्रान्स'पुरते मर्यादित नाही. १९०३ मध्ये सुरू झालेल्या त्या शर्यतीआधीच 'व्हेलोसियो' या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) आपल्या 'ल सिक्लिस्त' नियतकालिकातून सायकलने देश पाहण्याचा प्रचार करीत होते. चढावर सामान्य माणसालाही सायकल चालवता यावी, यासाठी त्यांनी गिअरचा आग्रह धरला. शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा असंख्य कुटुंबे सायकलींवरूनच प्रथम गावाबाहेर पडली.

देखणेपणाची किंमत

तरीही प्रसिद्धी हे निर्भेळ वरदान नव्हे. लोत नदीवरील कड्यावर वसलेले साँ-सिर-लापोपी हे त्याचे उदाहरण. येथील कारागीर लाकडी पिंपांच्या तोट्या घडवण्यासाठी नावाजलेले होते. अतिवास्तववादाचे प्रवर्तक आंद्रे ब्रेतों यांनी येथे घर घेतले होते. २०१२ मध्ये हे गाव 'फ्रेंचांचे आवडते गाव' ठरले. आज दोनशेच्या आसपास वस्तीच्या या गावात वर्षाकाठी लाखो पर्यटक येतात. बहुतेक जण मोटारीने येऊन छायाचित्रे काढून तासाभरात परततात. घरांच्या किमती वाढतात, किराणा दुकानाच्या जागी भेटवस्तूंचे दुकान येते आणि हिवाळ्यात दारे बंद राहतात. गाव सुंदर राहते, पण त्यात राहणारे कोणी उरत नाही.

येथेच सायकलस्वाराचे महत्त्व आहे. तो एका दिवसात फार दूर जाऊ शकत नाही. त्याला भूक लागते, सायकल नादुरुस्त होते, रात्रीचा मुक्काम करावा लागतो. त्यामुळे त्याचा पैसा प्रसिद्ध गावातच न राहता वाटेवरील साध्या गावांतही पोहोचतो. एखाद्या लहान गावातील पावाचे दुकान चालू राहण्यास तेवढाही आधार पुरेसा ठरू शकतो.

जाणाऱ्यांसाठी

• मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत अनुकूल. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत ऊन कडक आणि गर्दीही अधिक असते.

• वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असते. भारतीय सायकलस्वाराने पहिले दोन दिवस विशेष सावध राहावे.

• गावाबाहेर रात्री किंवा कमी प्रकाशात चमकणारे जाकीट घालणे बंधनकारक आहे. बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे.

• प्रादेशिक गाड्यांतून सायकल नेता येते. मात्र नियम प्रांतानुसार बदलतात आणि काही मार्गांवर आरक्षण लागते.

• 'आक्य व्हेलो' ही पाटी असलेल्या निवासस्थानी सायकल सुरक्षित ठेवण्याची सोय असते.

• लहान गावांत दुकाने दुपारी बंद असतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर अनेकदा दिवसभर. पाव सकाळीच घेऊन ठेवावा. पिण्याच्या पाण्यासाठी गावच्या दफनभूमीतील नळ उपयोगी पडतो. मात्र पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, हे पाहून घ्यावे.

नकाशावर ठळक अक्षरांत छापलेली गावे पाहावीतच. परंतु मुक्कामासाठी त्यांच्या अलीकडचे किंवा पलीकडचे, कोणत्याही यादीत नसलेले एखादे गाव निवडावे. तेथे सकाळी पावाच्या दुकानापुढे रांगेत उभे असलेले लोक पर्यटक नसतात, गावकरी असतात.