बोर्डिंगातली भाकरी

आमच्या मालेगावकडची जुनी माणसं ‘मी बोर्डिंगात शिकलो’ असं म्हणायची, तेव्हा त्यांची मान जरा ताठ व्हायची. माझ्या आजोबांचं बोर्डिंग म्हणजे नाशिकचं उदोजी मराठा बोर्डिंग.

गावात चौथीपर्यंत शाळा. पुढं शिकायचं तर शहर गाठायचं, आणि शहरात कुणब्याच्या पोराला जेवू कोण घालणार? वार लावून जेवायची सोय भिक्षुकांच्या मुलांना होती, आमच्यातल्यांना तेवढंही नव्हतं. ही अडचण कोल्हापुरात शाहू महाराजांनी आधी ओळखली आणि 1901 पासून तिथं एकामागून एक वसतिगृहं काढली. तोच वारा नाशकात आला. 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाज निघाला. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, डी. आर. भोसले अशा माणसांनी तो वाढवला. बोर्डिंगाला नाव मिळालं धारच्या उदाजीराव पवार महाराजांचं. इमारतीची कोनशिला बसवायला एप्रिल 1920 मध्ये खुद्द शाहू महाराज आले होते. पणजोबांनी त्यांना तेव्हा डोळ्यांनी पाहिलं, असं आजोबा सांगत. आत्याचं म्हणणं, पाहिलं ते पणजोबांच्या थोरल्या भावानं. दोघंही आता नाहीत, म्हणून मी दोन्ही गोष्टी जपल्यात.

आजोबा निघाले ते बैलगाडीनं मनमाडपर्यंत. मालेगावला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. मनमाडहून गाडीनं नाशिक रोड. सोबत पत्र्याची पेटी, शेंगदाण्याची चटणी आणि पणजीनं उन्हात वाळवलेल्या कुरडया. निघताना ती एवढंच म्हणाली, “पोऱ्या, शिकी ले.” कुरडया तळायच्या कुठं, हा विचार तिला सुचला नसावा. आजोबांनी त्या कोरड्याच कुडुमकुडुम खाल्ल्या आणि निम्म्या निफाडच्या पोरांना वाटल्या. दिवाळी येईतो ती पोरंही आपसात “काय चाली ऱ्हायनं?” असं अहिराणीत विचारू लागली होती.

पहाटे गोदावरीवर आंघोळ, मग अभ्यास, मग पंगत. बाजरीची गरम भाकरी, वर मिरचीचा ठेचा. म्हातारपणी दात गेल्यावर आजोबा भाकरी दुधात कुस्करून खात, तरी ताटात ठेचा लागायचाच. रात्री एका कंदिलाभोवती चौघं-पाचजण बसून वाचायचे, त्यामुळे मोठ्यानं वाचायची सवय कुणाला लागलीच नाही. वर्तमानपत्र वाचताना त्यांचे ओठ नुसते हलायचे. आजीला ते फार आवडायचं.

याच जिल्ह्यात देवळालीला 1925 साली बार्न्स स्कूल उघडलं. त्याचं मूळ 1815 सालच्या मुंबईतल्या शिक्षणसंस्थेत. चांदवडला 1928 मध्ये नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. बार्न्सचा दबदबा मोठा, आणि तो असावाही. पण आमच्या भागातल्या घरांचा उंबरा बदलला तो उदोजीसारख्या बोर्डिंगांनी. तिथं पोराला शाळेआधी भाकरी मिळाली.

त्या पिढीचं एक मला फार मोलाचं वाटतं. शिकून ती शहरातच थांबली नाही. निमगावचे भाऊसाहेब हिरे हे आमच्या तालुक्याचं माणूस. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कर्मवीरांत त्यांचं नाव घेतात. मुंबई राज्याचे महसूलमंत्री झाले, कुळकायद्याच्या कामात राहिले आणि मालेगावात महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था उभी केली. आजोबाही परत आले, मास्तर झाले. त्यांच्या शाळेत वाडीवरचं कुणी पोर उपाशी आलं की ते आधी त्याला आमच्या घरी पाठवत. आई सांगते, आजी चुलीवरचा तवा दुपारपर्यंत उतरवायची नाही.

तुमच्याही घरी बोर्डिंगात राहिलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर या सुट्टीत त्याच्याजवळ बसा. पंगतीत काय वाढायचे, दिव्याखाली शेजारी कोण बसायचं, हे विचारा आणि लिहून ठेवा. संस्थांच्या अहवालांत सालं सापडतात, ठेचा सापडत नाही.