घ्राणेंद्रिय आणि यौवन : एका शोधाची कथा

नाकाचा आणि यौवनाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी केला, तर तो बहुधा थट्टेवारी नेला जाईल. परंतु वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली, आणि ते मिळाले तेव्हा गर्भातील मेंदूच्या घडणीवर नवाच प्रकाश पडला.

या इतिहासाचा प्रारंभ इ. स. १८५६ मध्ये स्पेनमध्ये झाला. आवरेलियानो माएस्त्रे दे सान हुआन या शरीरशास्त्रज्ञाला एका पुरुषाच्या शवविच्छेदनात दोन गोष्टी आढळल्या : मेंदूच्या पुढील भागात असणारे गंधकंद मुळीच नव्हते, आणि जननेंद्रियांची वाढ बालवयातच थांबलेली होती. त्याने ही नोंद प्रसिद्ध केली. पण या दोन उणिवांना जोडणारा धागा त्या काळी कोणाच्याच हाती नव्हता.

पुढे १९३६ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या फ्रान्झ काल्मान या मनोवैद्याने १९४४ मध्ये सहकाऱ्यांसह तीन कुटुंबांचा वृत्तांत मांडला. त्यांत यौवनागम न झालेल्या व्यक्तींना वासही येत नव्हता. हा योगायोग नसून आनुवंशिक विकार आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. विकाराला काल्मानचे नाव मिळाले. कारण मात्र अज्ञातच राहिले.

दरम्यान, १९७१ मध्ये यौवनाची कळ फिरविणाऱ्या एका मेंदूतील हॉर्मोनाची रचना उलगडली. ते पोष ग्रंथीला आज्ञा देते आणि ती ग्रंथी जननग्रंथींना जागे करते. हे हॉर्मोन निर्माण करणाऱ्या कोशिका मेंदूत असतात. तेव्हा त्या मेंदूतच जन्मत असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९८९ मध्ये हे गृहीत कोसळले. उंदरांच्या भ्रूणांत या कोशिका प्रथम दिसल्या त्या नाकाच्या अंकुरात, गर्भधारणेच्या अकराव्या दिवसाच्या सुमारास! तेथून त्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत शिरतात. त्याच वर्षी काल्मान विकार असलेल्या एकोणीस आठवड्यांच्या मानवी गर्भाचे परीक्षण झाले. त्यात या कोशिका नाकातून निघाल्या होत्या; परंतु नाक आणि मेंदू यांच्यामधील चाळणीसारख्या हाडापाशीच अडकून पडल्या होत्या. गंधाचे तंतू गंधकंदापर्यंत पोहोचलेच नव्हते. वाटच तुटली, तेथे वाटसरू मुक्कामास कसा पोहोचणार?

ही वाट बांधतो कोण? १९९१ मध्ये या विकाराचे पहिले जनुक सापडले. नंतर २००३ मध्ये दुसरे सापडले, ते तंतुजनक कोशिकांच्या वृद्धिघटकाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाचे. वृद्धिघटक म्हणजे एका कोशिकेने दुसरीस धाडलेला रासायनिक निरोप : जग, वाढ, विभागून घे. या कुळातील पहिला घटक १९७० नंतरच्या दशकात गाईगुरांच्या पोष ग्रंथीच्या अर्कातून हाती आला होता. पुढे या कुळात बावीस घटक मोजले गेले. त्यांतील आठव्या क्रमांकाचा येथे महत्त्वाचा ठरला. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उंदरांच्या भ्रूणात नाकाच्या जागी तो घटक निष्क्रिय केला, तेव्हा गंधाच्या मज्जापेशींना जन्म देणाऱ्या कोशिकाच मरून गेल्या आणि नाकाची घडण खुंटली. २००८ मध्ये याच घटकाच्या जनुकातील दोष रुग्णांमध्येही आढळले. आजवर अनेक जनुके उजेडात आली आहेत. तरीही कित्येक रुग्णांच्या बाबतीत कारण सापडत नाही.

या ज्ञानाचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. अठरा-वीस वर्षांचा मुलगा आवाज न फुटल्यामुळे, मिसरूड न आल्यामुळे मनातल्या मनात कुढत असतो. मुलगी ऋतुप्राप्ती न झाल्याने लोकांच्या बोलण्याचा धसका घेते. घरची मंडळी नशिबाला बोल लावतात. वास्तविक हॉर्मोनांच्या उपचाराने यौवनागम घडविता येतो आणि पुष्कळांना अपत्यप्राप्तीही होऊ शकते. गेलेली गंधसंवेदना मात्र परत येत नाही. म्हणूनच वैद्याने विचारावयाचा एक साधा प्रश्न बहुमोल ठरतो : "तुला फुलांचा वास येतो का?" जन्मापासून ज्याला गंध ठाऊकच नाही, तो आपण होऊन ही उणीव क्वचितच सांगतो.