रूप आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपण म्हणतो. गोदावरीच्या उगमासाठी ब्रह्मगिरी चढणाऱ्या नाशिककरांनी या म्हणीचा पूर्वार्ध कधीच मानला नाही. उत्तरार्ध वाङ्मयेतिहासाचे अध्यापकही मानत नाहीत. आपण कुळे सर्रास ठरवतो, आणि पुष्कळदा केवळ रूपावरून. या सवयीची पारख करायला थंड समुद्रांतील लाल शैवालांचा इतिहास उपयोगी पडतो.

ब्रिटनच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटून वाढणारे पापुद्र्यासारखे जांभळट शैवाल म्हणजे पॉर्फायरा. शिंपल्यांच्या कवचात राहणारे सूक्ष्म गुलाबी तंतू निराळे मानले गेले आणि १८९२ मध्ये त्यांना कॉन्कोसेलिस हे स्वतंत्र नाव मिळाले. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की, या एकाच शैवालाच्या आयुष्यातील दोन अवस्था आहेत. विवाहामुळे विद्यापीठातील नोकरी गेल्याने त्या विनावेतन संशोधन करीत होत्या. जपानमध्ये याच कुळातील 'नोरी'चे पीक घेणाऱ्यांना त्याचे बीज कोठून येते हेच ठाऊक नव्हते. या शोधानंतर शिंपल्यांवर बीज तयार करण्याची पद्धत विकसित झाली. ड्रू-बेकर १९५७ मध्ये निवर्तल्या; १९६३ मध्ये कृतज्ञ जपानी उत्पादकांनी त्यांचे स्मारक उभारले.

पुढे याच्या उलटही घडले. २०११ मध्ये जनुकांची तुलना करून या कुळाची फेरमांडणी झाली, तेव्हा पानासारख्या सर्व शैवालांना एकत्र बांधणारे पॉर्फायरा हे नाव पुरेना. त्यांचे आठ वंश करावे लागले. कोकणच्या खडकांवर पावसाळ्यात उगवणारे पॉर्फायरा व्हिएतनामेन्सिस ही याच कुळाची उष्ण समुद्रातील शाखा. तिचे वंशनाम आधी पायरोपिया झाले, २०२० मध्ये फायकोकॅलिडिया.

ही पद्धत आपल्याला अपरिचित नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, त्यात वि. सी. सुखठणकरांनी पाठपरंपरांची वंशावळ मांडली आहे. दोन पोथ्यांत सारखीच भर, सारखेच प्रमाद आढळले की त्यांमागे समान पूर्वज असावा, हे पाठचिकित्सेचे गृहीतक. जनुकांत वारशाने उतरलेले बदल जीवशास्त्रज्ञ असेच वाचतो. अर्थात पोथ्यांत पाठांची सरमिसळही होते. म्हणून एकाच खुणेवर निर्णय देता येत नाही.

जात्यावरची ओवी आणि ज्ञानेश्वरीची ओवी यांना आपण एकच नाव देतो. त्यांचे नाते असेलही. पण नावाच्या साम्यावर ते सिद्ध झाले असे समजून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. चरणांची रचना, यमकांची जागा, गाण्याची चाल, लेखनाचा काळ यांपैकी कोणती खूण वारशाने आली आणि कोणती गरजेतून पुन्हा घडली, हे विचारल्याशिवाय वाङ्मयाचा इतिहास केवळ यादीच राहतो.