केसपेपरला लावलेलं चित्र कुणाचं?

दर वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, व्हॅन गॉगची 'स्टारी नाइट' फेसबुकवर फिरायला लागते. वर ठरलेलं वाक्य असतं, की बघा, वेदनेतूनच महान कला जन्माला येते. खाली बदाम आणि जोडलेले हात. मी गेली नऊ वर्षं मानसिक आजारावरची औषधं घेतेय, दोनदा अ‍ॅडमिट होऊन आलेय. हे वाक्य वाचलं की दर वेळी वाटतं, लिहिणाऱ्याने वॉर्ड आतून पाहिलेला नाही.

व्हॅन गॉगचंच घ्या. मे १८८९ मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात स्वतःहून दाखल झाला आणि साधारण वर्षभर राहिला. त्या काळात त्याने १५० च्या आसपास चित्रं रंगवली. पण आजाराचा झटका यायचा तेव्हा त्याला रंगवता येत नसे. एका झटक्यात त्याने रंगच तोंडात घातले, म्हणून काही काळ त्याला रंगांपासून लांब ठेवलं गेलं. चित्रं झाली ती दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत. तेव्हा डोकं शांत असायचं, वेळेवर जेवण मिळायचं, काम करायला वेगळी खोली दिलेली होती आणि खर्च भाऊ थिओ भागवत होता. म्हणजे श्रेय द्यायचंच तर त्या खोलीला आणि थिओच्या पैशाला द्या. आजाराला कशाला?

व्हॅन गॉगला निदान स्वतःचं नाव तरी राहिलं. ज्यांचं नावही राहिलं नाही त्यांचा इतिहास आज सांगायचा आहे. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

अ‍ॅग्नेस रिश्टर ही जर्मनीतली शिवणकाम करणारी बाई. १८९० च्या दशकात तिला मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि १९१८ मध्ये ती वारली तोवर ती बाहेर आली नाही. तिथल्या करड्या सरकारी कापडातून तिने स्वतःच्या अंगाबरहुकूम एक जाकीट शिवलं. मग त्या जाकिटावर, आतून आणि बाहेरून, रंगीत धाग्यांनी अक्षरं भरली. ओळीवर ओळ, जुन्या जर्मन लिपीत. बराचसा मजकूर आज लागत नाही. काही अक्षरं तर अंगाला घासून गेली आहेत, कारण ती हे जाकीट खरंच वापरत होती. जे लागतं त्यात 'मी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. आणि एक आकडा येतो, ५८३. तो तिचा धुलाईचा नंबर. कपडे धोब्याकडे जाताना ज्या आकड्याने तिथे तिची ओळख व्हायची, तो आकडा तिने स्वतःच्या हाताने भरला, आणि त्याच कापडावर 'मी'सुद्धा भरलं.

हे जाकीट आज जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये आहे. हान्स प्रिन्झहॉर्न नावाचा माणूस १९१९ मध्ये तिथल्या मानसोपचार विभागात आला. आधी कलेचा इतिहास शिकलेला, मग डॉक्टर झालेला. जर्मन बोलणाऱ्या मुलखातल्या मनोरुग्णालयांना तिथून पत्रं गेली, की तुमच्याकडच्या रुग्णांनी काढलेलं, लिहिलेलं, शिवलेलं, कोरलेलं जे काही असेल ते पाठवा. सुमारे ४५० रुग्णांच्या ५००० च्या आसपास वस्तू जमल्या. १९२२ मध्ये प्रिन्झहॉर्नचं पुस्तक आलं आणि युरोपातले चित्रकार त्यावर तुटून पडले. माक्स एर्न्स्टने ते पॅरिसला नेलं. ज्या कागदांवर डॉक्टर फक्त लक्षणं शोधत होते त्यांच्याकडे हा माणूस चित्रं म्हणून पाहत होता. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्या पुस्तकात ज्या १० जणांवर सविस्तर लिहिलंय ते सगळे टोपणनावाने येतात. फ्रान्झ कार्ल ब्यूलर हा नावाजलेला कलात्मक लोहारकाम करणारा कारागीर, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचं काम मांडलं होतं. पुस्तकात तो झाला 'पोल'. हेतू खाजगीपणा जपण्याचा होता, मान्य. परिणाम असा झाला की पुस्तक गाजलं, गोळा करणाऱ्याचं नाव झालं, आणि ब्यूलर भिंतींच्या आत बसून चित्रं काढत राहिला.

इथे स्वतःचं थोडं सांगते. पहिल्यांदा अ‍ॅडमिट होते तेव्हा मला कोरा कागद देऊन सांगितलं, घर काढा, झाड काढा, माणूस काढा. ही जुनी चाचणी आहे, अनेक ठिकाणी घेतात. मी घराला दार काढलं नाही म्हणून त्यावर बरीच चर्चा झाली. तो कागद केसपेपरला टाचला गेला. त्याबद्दल तक्रार नाही, ती तपासणीच होती. पण त्याच वॉर्डात दुपारी चित्रकलेचा तास असायचा. तिथे मी माझ्या मर्जीने खिडकीचे गज आणि त्यांत अडकलेला पतंग काढला होता. काही महिन्यांनी तो पतंग मला एका संस्थेच्या कॅलेंडरवर दिसला. खाली लिहिलं होतं, 'एक रुग्ण, वय ३१'. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी बहुतेक हो म्हटलं असतं, आणि सांगितलं असतं की खाली माझं नाव घाला.

आता एल्फ्रीडे लोहझे-वेश्टलर. जन्म १८९९, ड्रेस्डेन. शिकलेली, धंद्याने चित्रकार. केस बारीक कापायची, पाइप ओढायची, ओटो डिक्ससारख्या चित्रकारांच्या गोतावळ्यात वावरायची. पुढे हँबुर्गला गेली. नवऱ्याशी पटेना, हातात पैसा नाही, आणि १९२९ मध्ये ती कोलमडली. फ्रीड्रिख्सबर्गच्या मनोरुग्णालयात सुमारे दोन महिने होती. तिथे तिने बरोबरच्या बायकांची ६० च्या आसपास चित्रं काढली, बहुतेक नुसते चेहरे. झोपलेल्या, रागावलेल्या, कुठेतरी बघत बसलेल्या बायका. बाहेर आल्यावर त्यांतल्या काहींचं प्रदर्शन झालं आणि समीक्षकांनी कौतुकही केलं.

या चित्रांत मला जे दिसतं ते असं. मनोरुग्णालयातल्या माणसांची चित्रं आणि फोटो त्याआधीही खूप होते, पण ते बाहेरून आलेल्याने काढलेले. ही बाई त्याच वॉर्डात, त्याच कॉटवर होती. तिला या बायकांची नावं माहीत असणार, घोरणं माहीत असणार. म्हणून ते चेहरे आजाराचा नमुना वाटत नाहीत. शेजारीण वाटतात.

१९३२ मध्ये वडिलांनी तिला ड्रेस्डेनजवळच्या आर्न्सडोर्फच्या संस्थेत दाखल केलं. निदान स्किझोफ्रेनिया. तिथेही ती चित्रं काढत होती. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, आणि जुलैमध्ये 'आनुवंशिक रोग' असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. या कायद्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी केली गेली. डिसेंबर १९३५ मध्ये एल्फ्रीडेचीही झाली, तिच्या इच्छेविरुद्ध. त्यानंतर तिने चित्रं काढणं थांबवलं.

वेदनेतून कला जन्मते म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वेदना कमी पडली म्हणून ती थांबली नाही.

३१ जुलै १९४० ला तिला पिर्नाच्या झोनेनश्टाइन या ठिकाणी नेऊन विषारी वायूने मारलं. मनोरुग्ण आणि अपंग माणसांना मारण्याची ही सरकारी योजना होती, पुढे ती टी-४ या नावाने ओळखली गेली. अशी सहा केंद्रं होती. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात तिथे ७०,००० हून जास्त माणसं मारली गेली. घरच्यांना मृत्यूचं खोटं कारण कळवलं जाई. ब्यूलर, म्हणजे पुस्तकातला 'पोल', मार्च १९४० मध्ये ग्राफेनेकला मारला गेला.

आणि हायडेलबर्गचा तो संग्रह? १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला 'विकृत कला' नावाचं प्रदर्शन भरवलं, आधुनिक चित्रकारांची टिंगल करण्यासाठी. ते पुढे गावोगाव फिरलं, आणि १९३८ पासून त्यात हायडेलबर्गच्या रुग्णांची चित्रं शेजारी लावली गेली. बघा, तुमचे नामवंत चित्रकार आणि हे वेडे, फरक सांगा. त्या वेळी हायडेलबर्गच्या विभागाचा प्रमुख होता कार्ल श्नायडर. रुग्णांना कामात गुंतवून बरं करावं, या उपचारपद्धतीचा तो पुरस्कर्ता. हाच माणूस टी-४ मध्ये तज्ज्ञ म्हणून बसला होता, कुणी जगायचं नि कुणी नाही हे कागदावरून ठरवणाऱ्यांत. एकाच टेबलावर उपचार आणि मरण, दोन्ही.

हे सगळं मी का सांगतेय? कारण त्यांची चित्रं बदलली नव्हती. १९२२ मध्ये जी अद्भुत होती तीच १९३८ मध्ये पुरावा झाली. चित्र काढणाऱ्याला मधे बोलायची सोय नव्हती. ना नाव त्यांचं, ना संमती, ना कागदाची मालकी. अशा वेळी कौतुक करणारा गेला आणि दुसरा आला की सगळं उलटं फिरतं.

युद्धानंतर हळूहळू ही माणसं स्वतःच्या नावाने बोलायला लागली. न्यूझीलंडची जॅनेट फ्रेम तरुणपणी वर्षानुवर्षं मनोरुग्णालयांच्या आत-बाहेर होती. भूल न देता दिलेले शॉक तिने सोसले. मेंदूची शस्त्रक्रिया करायचं ठरलं होतं, तारीख जवळ आली होती. तेवढ्यात तिच्या पहिल्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्याची बातमी पेपरात आली, ती रुग्णालयाच्या प्रमुखाने वाचली आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. पुढे लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं की तुला स्किझोफ्रेनिया कधी नव्हताच. १९६१ मध्ये तिची 'फेसेस इन द वॉटर' ही कादंबरी आली, मनोरुग्णालयाच्या आतली.

ही गोष्ट लोक आनंदाने सांगतात, साहित्याने जीव वाचवला म्हणून. मला ती वाचून धडकी भरते. त्या यादीत जिला बक्षीस मिळालं नव्हतं तिचं काय झालं?

आपल्याकडेही माणसं आहेत. मुंबईच्या सिनेमात वर्षानुवर्षं काम केलेला मंटो फाळणीनंतर लाहोरला गेला आणि दारू सोडवण्यासाठी तिथल्या मनोरुग्णालयात राहून आला. वेड्यांच्या इस्पितळात घडणारी 'टोबा टेक सिंग' ही कथा त्याचीच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून गेलेला ऋत्विक घटक १९६९ मध्ये कोलकात्यात मनोरुग्णालयात होता. तिथे त्याने नाटक लिहिलं आणि तिथल्याच रुग्णांना घेऊन बसवलं. पण हे दोघे आधीच नावाचे होते. ५८३ नंबरवाले आपल्याकडे किती असतील?

आणि नसबंदीचं म्हणाल तर ती फक्त जर्मनीतली गोष्ट समजू नका. १९९४ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढायच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या. पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा त्या थांबल्या. त्या मुलींचा प्रश्न मानसिक आजाराचा नव्हता, हे खरं. पण तिच्या अंगाचं काय करायचं ते आम्ही ठरवू, हा विचार तोच.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणून महत्त्वाचा आहे. २०१८ पासून तो लागू आहे. कलम ९५ नुसार मानसिक आजारावर उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी आहे, साखळदंडाने बांधायला बंदी आहे, भूल न देता शॉक द्यायला बंदी आहे. कलम २४ सांगतं की उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा इतर माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येणार नाही. स्वतःचे वैद्यकीय कागद पाहायचा हक्कही या कायद्यात आहे. अ‍ॅग्नेस, फ्रान्झ, एल्फ्रीडे यांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

कायदा आहे, पण वापरायला माहीत हवा. म्हणून काही मागणी, अगदी साधी.

तुमच्या संस्थेत, वॉर्डात, कॉलेजात रुग्णांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवत असाल तर आधी विचारा, आणि बरं वाटायला लागल्यावर पुन्हा एकदा विचारा. नाव घालायचं की नाही हे ज्याचं चित्र त्याने ठरवू द्या. विकलं गेलं तर पैसे त्याला द्या. घरी जाताना मूळ चित्र मागितलं तर द्या, तपासणीसाठी झेरॉक्स ठेवून घ्या. चित्राखाली निदान लिहू नका. बघणारा मग चित्र बघत नाही, आजार शोधत बसतो.

आणि ज्यांनी वॉर्डात बसून काही काढलंय, लिहिलंय, विणलंय, त्यांनी ते फेकू नका. मागच्या बाजूला तारीख घाला, सही करा. पूर्ण नाव लिहा.

(शेअर करायची असेल तर जरूर करा, विचारायची गरज नाही. कॉपी केलीत तर नावासकट करा, एवढं सगळं वाचल्यावर तेवढं कराल अशी खात्री आहे.)