आडत्याची वही आणि संगणकावरील लिलाव

शेतमालाच्या व्यापारावर बाहेरून आणलेली तयार चौकट बसविण्याचा प्रयत्न महाराष्ट्रास नवा नाही. वऱ्हाडात १८९७ साली, मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि पुढे १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने बाजारास कायद्याची शिस्त लावली. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा सौदा मागे पडून उघड लिलाव रूढ झाला. आडत्या मात्र टिकला. कारण उधारीचा प्रश्न लिलावाच्या पद्धतीने सुटणारा नव्हता.

१४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतील २१ बाजारांत ‘राष्ट्रीय कृषी बाजार’ (ई-नाम) सुरू झाला. केंद्राने एकच संगणकप्रणाली तयार करवून राज्यांना विनामूल्य दिली. राज्यभर चालणारा परवाना, बाजारशुल्काची एकाच ठिकाणी आकारणी व इलेक्ट्रॉनिक लिलावास मान्यता, या तीन गोष्टींची राज्यांच्या कायद्यांत तरतूद असणे आवश्यक होते. प्रवेशद्वारावरील नोंद, गुणवत्तेची तपासणी, पडद्यावरील बोली, वजन, देयक आणि शेतकऱ्याच्या बँकखात्यात रक्कम, असा प्रणालीचा क्रम होय.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कांद्याचा व्यापार या क्रमाशी ताडून पाहण्याजोगा आहे. नगरजवळील नेप्ती व नेवासे तालुक्यातील घोडेगाव येथे कांदा गोण्यांतून येतो. माल डोळ्यांनी पारखला जातो व बोली तोंडी होते. हमाली-तोलाई वजा जाऊन हिशोबपट्टी आडत्या देतो. खरेदीदाराचे पैसे मागाहून आले तरी शेतकऱ्याचा चुकारा त्यानेच करावयाचा, ही रूढी. म्हणजे मालाची पारख, उधारीची हमी आणि हिशोब ही तिन्ही कामे एकाच वहीत गुंतलेली असतात.

तयार प्रणालीत भाव व वजन यांना रकाने आहेत, आडत्याचीही नोंद होते. परंतु त्याने पदरची रक्कम गुंतवून चालविलेली उधारी हा तिच्या मूळ क्रमाचा भाग नव्हे. त्यामुळे लिलाव तोंडी उरकून आकडे मागाहून संगणकात भरले, तर एकाच सौद्याच्या दोन वह्या होतात, आणि दूरच्या खरेदीदाराला बोलीत वाव उरत नाही.

मे २०२० पर्यंत देशातील १,००० बाजार या प्रणालीस जोडले गेले. तथापि बाजार जोडला जाणे आणि व्यवहार जोडला जाणे या भिन्न गोष्टी होत. लिलावाची रीत कायद्याने बदलली, तेव्हा उधारी जुन्याच वहीत राहिली. संगणक आला तरी तीच गाठ पुढे आली. तेव्हा या सुधारणेचे मोल जोडलेल्या बाजारांच्या संख्येवरून न ठरविता, कांदा विकून परतणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे पैसे कोणी व केव्हा दिले, यावरूनच ठरविणे इष्ट होय.